जुडीतली आठ फुलं

ऑक्टोबर सरत आला की हिमाच्या थंडीनं आमच्या काराकोल गावच्या गल्लीतल्या बागा बोडक्या होतात. फुललेली असते ती फक्त क्लावा मावशीची शेवंती. रोज संध्याकाळी मावशी तिच्यावर जुन्या गोधड्या घालते. पोटच्या पोरीला एवढं जपलं असतं तर बरं झालं असतं, पण तिला सांगणार कोण?

या दिवसांत दुसरीकडे फूल मिळत नाही, म्हणून कुणी गेलं की लोक हिच्याच दारात. मेलेल्याला सम आकड्यात फुलं, जित्याला विषम, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. वीस वर्षं मावशी सहा, आठ, दहा अशीच कापत आली. जित्या माणसासाठी फुलं मागायला तिच्याकडे कधी कुणी आलंच नाही.

तिची मुलगी ताया सदतीस वर्षांची, पोस्टात तिकिटं विकते. गेल्या रविवारी बालिक्ची गावचा गेन्नादी तिला बघायला आला. ट्रक चालवतो, बायको तीन वर्षांपूर्वी वारली. सोबत त्याची आई झोयाबाई. शेजारीण म्हणून मलाही बोलावलं होतं. चहा झाला, कोबी भरलेला पाव झाला, ताया चक्क हसली.

"पोरगी शांत आहे. मला पसंत आहे," झोयाबाई निघताना म्हणाल्या.

मावशी हरखली. "थांबा हो विहीणबाई, रिकाम्या हातानं जायचं नाही!" म्हणत बागेत धावली, भराभर फुलं कापून आणली आणि जुडी त्यांच्या हातात दिली. मी मोजली. आठ! मी तोंड उघडणार तोवर झोयाबाईंचंही मोजून झालं होतं. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"एक सून पोचवून झाली आहे माझी," त्या म्हणाल्या आणि जुडी बाकावर ठेवली. "चल, गेना."

"अगं बाई, हाताची सवय हो! एक काढते ना त्यातलं..."

"राहू द्या."

बेचाळीस वर्षांचा तो घोडा मुकाट आईमागे गेला. बुधवारी नकाराचा निरोप आला. मला त्या दोघांचा राग आला, पण त्याहून जास्त मावशीचा.

ताया रडली नाही. कपबशा विसळता विसळता तिनं विचारलं, "आई, माझ्यासाठी कधी तोडलंस का गं एखादं फूल?"

"तुला कशाला तोडायचं? तू तर घरातच असतेस."

"हो," ताया म्हणाली, "आता असेनच."