पोटाशी धरलेला डफ

काल गावी, सौंदडला, धानाची तणीस म्हणजे वाळका पेंढा पेटवून डफ शेकत होतो. तापलेल्या चामड्याचा वास आला आणि मी एकदम जर्मनीतल्या त्या गाडीत जाऊन बसलो.

खडी गंमत या आमच्याकडच्या लोकनाट्यातल्या आम्हा चौघांना तिकडे कार्यक्रमांसाठी बोलावलं होतं. रोज नवं गाव, गाडीतच जेवण, खिडकीबाहेर सारखी भुरभुर. त्या ओल्या थंडीनं डफाचं चामडं सैल पडायचं, आवाज पार बसायचा. गावी असतो तर मूठभर तणीस पेटवली असती. तिथल्या सभागृहात काडीही ओढू देत नव्हते.

आमचे डफवाले सुखरामकाका. त्यांनी बंडी वर केली, डफ उघड्या पोटाशी लावला आणि वरून घोंगडी ओढून घेतली.

"काका, कायले असे बसून राहिले? गाडीत हीटर हाय ना!"

"त्याच्या धगीनं चामडं तडकते. पोटाचा शेक बराबर रायते."

आम्ही पोट धरून हसलो. संध्याकाळी त्यांची पहिली थाप पडली आणि अख्खं सभागृह सावरून बसलं.

काका आता नाहीत. डफ माझ्याकडे आहे. आज तणीस पेटवण्याआधी सहज तो उघड्या पोटाशी धरून पाहिला. बर्फच लागला जणू. अंगावर सर्रकन काटा आला आणि मी तो लगेच दूर केला.

काका तर पुढचं गाव येईपर्यंत आम्हाला गमती सांगत होते.