उलट्या मीटरचे मामा

आमच्या कंधारच्या मामांनी जन्मात दोघांवरच विश्वास ठेवला: एक स्वतःचे डोळे आणि दुसरा डोळ्यांवरचा चष्मा. त्यातही चष्म्यावर जरा कमीच. वीजखात्यात मीटर रीडिंग घेण्यात त्यांची सगळी नोकरी सरली. तारेवर आकडा टाकून कुणी चोरून वीज घेत असेल, तर मामांना तो गल्लीच्या तोंडाशीच दिसायचा. लग्नाच्या पंगतीतसुद्धा त्यांची नजर आधी यजमानाच्या मीटरवर आणि मग पानावर. भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या टेलरचा आकडाही त्यांनीच पकडला. टेलर एवढंच म्हणाला, "मामा, शेजारी होतात तुम्ही." तेव्हापासून बोलणं बंद. मामांनी पुढे कधी सदरा शिवला नाही. रेडिमेड अंगाला टोचतं म्हणायचे आणि तेच घालायचे.

मामेबहिणीनं हट्टानं छतावर सोलर बसवलं, तेव्हा मामांनी मला फोन केला. "सरकार फुकटच्या उन्हाचं एवढं कौतुक करून राहिलंय. इलेक्शन होऊ दे, उन्हालाबी मीटर बसवतील बघ." तिसऱ्याच दिवशी भर दुपारी गावची लाईट गेली आणि मामांचा पंखाही थांबला. तारेवर काम करणाऱ्या लाईनमनला शॉक बसू नये म्हणून सोलरही आपोआप बंद होतं, असं फिटरनं समजावलं. मामा म्हणाले, "म्हंजे सूर्यबी खात्यात नोकरीला लागला की काय?" पण खरा घात झाला तो सोलरची वीज उरली की मीटर उलटं चालतं हे कळल्यावर. असली मीटरं पकडण्यात हयात गेलेल्या माणसानं स्वतःच्याच घराविरुद्ध तक्रार अर्ज लिहिला आणि ऑफिसात नेऊन दिला. साहेबांनी तो वाचून त्यांना चहा पाजला. उरलेली वीज तारेतून जवळच्या घरात जाते, हेही तिथंच कळलं. जवळचं घर टेलरचं! "परत आकडा टाकला की त्यानं! अन् आता माझ्याच छतावर!" मामा दोन दिवस भिंतीला कान लावून बसले. पलीकडे शिलाई मशीनची मोटर घरघरत होती.

परवा गेलो तर मामा छतावर ओल्या फडक्यानं पॅनल पुसत होते. गुडघे धड नाहीत, म्हणून मी रागावलो. "धूळ बसली की लाईट कमी पडती. त्याचं लग्नसराईचं काम चालू हाय," मामा म्हणाले.

"मग बोलता का त्याच्याशी?"

"न्हाई. आधी कुणी बोलायचं?"

इतक्यात पलीकडची शिलाई मशीन थांबली. टेलर अंगणात आला, वर पाहून घुटमळला आणि म्हणाला, "मामा, तुमच्याकडचीबी लाईट गेली का?"

"हाव, गेली," मामा म्हणाले. "तुझीबी?"

"हाव."

एवढंच. लाईट येईपर्यंत एक खाली आणि एक वर, दोघं तसेच उभे राहिले. मामांना इतका वेळ कुणावरही संशय न घेता उभं राहिलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि लाईट जरा उशिराच यावी असं मला मनापासून वाटलं.