कापसाच्या गाठी ओळखणारं यंत्र

साठ सालानंतरची गोष्ट. अमरावतीच्या एका कॉलेजात मी पदार्थविज्ञान शिकवायचो. जगातलं कुठलंही कोडं आपण सोडवू, असा माझा समज होता. सासरे अकोल्याला कापसाच्या गाठी बांधणाऱ्या जिनिंग-प्रेसिंग फॅक्टरीत मॅनेजर होते. एकदा जेवताना ते म्हणाले, "गाठीवरचा रंगाचा मार्का घासून जाते. मंग मालधक्क्यावर कोनाची गाठ कोनती, समजतच नाही."

"त्यात काय! रेडिओलहरींनी ओळखू," मी म्हणालो. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी श्रीखंडात गुंग होतो.

कल्पना काही खोटी नव्हती. झोपाळा त्याच्या लयीत ढकलला, तर हलक्या धक्क्यानंही वर चढतो. तांब्याच्या तारेचं वेटोळं वीज साठवणाऱ्या कंडेन्सरला जोडलं, की त्याचीही अशीच एक लय ठरते. त्याच लयीच्या लहरी सोडणारं यंत्र जवळ नेलं, की वेटोळं त्यातली शक्ती ओढून घेतं आणि यंत्रावरचा काटा खाली येतो. वेटोळ्याला बॅटरी लागत नाही. प्रत्येक व्यापाऱ्याची लय वेगळी ठेवायची, एवढंच. आज गोदामांत माल ओळखायला ज्या चकत्या चिकटवतात, त्यांतल्या कित्येकांचं मूळ तत्त्व हेच आहे.

जुन्या रेडिओच्या सामानातून मी यंत्र बनवलं. घरी पाटावर ते झकास चाललं. बडनेऱ्याला गाडी बदलताना मी ते हमालाला हातही लावू दिलं नाही, तान्ह्या बाळासारखं मांडीवर घेऊन अकोल्याला नेलं.

फॅक्टरीत खुद्द मालक आले. सासऱ्यांबरोबर बायकोही बघायला आली होती. मी गाठीला वेटोळं बांधलं, यंत्र जवळ नेलं. काटा ढिम्म.

"मास्तर, काटा काहून हालून नाही रायला?" मालकांनी विचारलं.

"यंत्र तापतंय," मी म्हणालो. तापलो होतो मीच. मग गाठीभोवती आवळलेल्या लोखंडी पट्ट्यांकडे माझं लक्ष गेलं. जवळ लोखंड असलं की वेटोळ्याची लय बिघडते, हे मी त्याच आठवड्यात वर्गात शिकवलं होतं. आणि जन्म कापसाच्या मुलखात काढूनही गाठीला पट्ट्या असतात, हे मला आठवलं नव्हतं!

पण हार मानणं माझ्या स्वभावात नव्हतं. अंगणात बैलगाडी उभी होती. बैलाला काही लोखंडी पट्ट्या नव्हत्या; त्याच्या गळ्यात वेटोळं अडकवलं आणि वीतभर अंतरावर यंत्र धरलं. काटा झर्रकन खाली आला.

"ओळखला!" मी ओरडलो.

सासरे शांतपणे म्हणाले, "जवाईबापू, इतक्या जवळून तं तो बैल मलेबी ओळखते."

माझ्या ओरडण्यानं बिथरलेल्या बैलानं मान झटकली. धक्क्यानं यंत्र फरशीवर पडलं, आतला काचेचा व्हॉल्व्ह फुटला. मालक हसता हसता खाली बसले. बायकोनं पदर तोंडाला लावला, पण खांदे लपत नव्हते.

पुढच्या हंगामात सासऱ्यांनी रंगाऐवजी डांबरानं मार्के मारले. ते टिकले. मालक मात्र मी दिसलो की विचारायचे, "मास्तर, औंदा कोनाले ओळखाचं ठरवलं?" मी चहाचा कप तोंडाला लावायचो.