खंडेनवमीला पुसलं गेलेलं क्वार्टर

“गेमच तर होता” हे तीन शब्द नवऱ्याने उच्चारले तेव्हा माझ्या हातात झेंडूची फुलं होती म्हणून बरं. दुसरं काही असतं तर फेकून मारलं असतं.

खंडेनवमी होती. सासरी त्या दिवशी घरातल्या झाडून सगळ्या यंत्रांची पूजा होते. सासऱ्यांचा जन्म वर्कशॉपमध्ये गेला. स्कूटर, मिक्सर, शिवणयंत्र, पाने-पक्कड, सगळं पुसून ते स्वतः हळदकुंकू लावतात. चाल चांगलीच आहे. पण या वेळी त्यांची नजर हॉलच्या कोपऱ्यातल्या नॅसवर गेली.

नॅस म्हणजे घरच्या राउटरला जोडलेली, पोळ्यांच्या डब्याएवढी काळी पेटी. आत दोन हार्ड डिस्क, ड्रॉवरसारख्या ओढून काढता येणाऱ्या. घरच्यांच्या लेखी ती फोटो ठेवायची पेटी. माझा त्यात एक गेम सर्व्हर चालायचा. ठोकळे रचून जग उभं करायचा गेम. मी इथे नानाखेड्यातल्या घरातून आणि माझा धाकटा भाऊ परदेशातून एकाच जगात शिरायचो. त्याने कॉलवर सांगायचं आणि मी एकेक सेटिंग करायचं, असं करत तो सर्व्हर मीच उभा केला होता. शाळेत गणित शिकवते, असल्या गोष्टींना घाबरत नाही.

त्या जगात आम्ही आमचं रेल्वे क्वार्टर बांधत होतो. वडील रिटायर झाले तेव्हा ते परत करावं लागलं होतं. पुढे भाड्याच्या घरात वडील गेले, मग आई गेली, आणि घरमालकाला किल्ली दिल्यावर मला माहेरी जाते म्हणायला जागाच उरली नाही. भाऊ फोनवर “हो, ठीक, बघतो” यापलीकडे बोलत नाही. पण रविवारी गेममध्ये हातात कुदळ आली की तो मोकळा व्हायचा. मोरीतला नळ डावीकडे होता की उजवीकडे यावरून आमची कितीतरी भांडणं झाली. एकदा आईचा ओटा बांधताना तो मध्येच म्हणाला, “ताई, आई गेली तेव्हा मला तिकीट मिळालं होतं. मी निघालोच नाही. तिला तसं बघायची हिंमत नव्हती.” आम्ही तो ओटा तोडला आणि पुन्हा नीट बांधला.

तर त्या खंडेनवमीला मी फुलं आणायला देवास गेटच्या बाजारात गेले. तेवढ्या वेळात सासऱ्यांनी चालू पेटीतून दोन्ही डिस्क ओढून काढल्या, फडक्याने पुसल्या, कुंकू लावलं आणि परत आत सरकवल्या. पेटी बोंबलायला लागली. त्यांचं मी एकवेळ समजू शकते, त्यांना ती साफ करायची होती. पण नवरा? कॉम्प्युटरवर स्वच्छ लिहून आलं होतं की डिस्क नव्याने तयार करायच्या का, आतलं सगळं पुसलं जाईल. हा माणूस बँकेत बसून लोकांना सही करण्याआधी वाचा म्हणून सांगतो. त्याने “यस” दाबलं.

“बीप-बीप बंदच होत नव्हतं यार, तर मी यस करून दिलं,” तो म्हणाला. वर मलाच धीर दिला की फोटो, पॉलिसीचे कागद, सगळं सेफ आहे, त्याचा बॅकअप बाहेर ठेवलेला आहे. आणि माझं फोल्डर? बॅकअप लावताना त्याने त्यावर टिकच केली नव्हती. कशाला उगाच जागा भरायची. गेमच तर होता.

माझं डोकं फिरलं. या घरात सासूबाईंच्या माहेरचा पितळी डबा आम्ही सगळे दोन्ही हातांनी उचलतो. नवऱ्याने कॉलेजात जिंकलेले कप काचेच्या कपाटात आहेत आणि दिवाळीला ते मी पुसते. सासऱ्यांसमोर मी कधी आवाज चढवत नाही, त्या दिवशी चढवला.

“तो गेम नव्हता, माझं माहेर होतं. एवढ्याशा पेटीत राहत होतं, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तेवढंही नाही जपता आलं तुम्हाला?”

“बेटा, मी तर फक्त सफाई केली होती,” सासरे म्हणाले आणि आत जाऊन बसले. नवऱ्याने फुलांची पिशवी माझ्या हातून घ्यायला बघितली, मी दिली नाही.

भावाला कळवलं. त्याचं उत्तर आलं, “ठीक आहे.” ते मला पाठ होतं. आई गेल्याचं कळवलं तेव्हाही त्याने हेच लिहिलं होतं. मी सर्व्हर पुन्हा उभा केला आणि रविवारी एका रिकाम्या माळावर जाऊन थांबले. तो आला नाही. पुढच्या रविवारीही नाही. नवऱ्याने माझ्या नव्या फोल्डरवर बॅकअपची टिक लावून दाखवली. त्या फोल्डरात होतं काय, माती. त्याच्याशी मी कामापुरतं बोलत होते.

भाऊबीज आली. एरवी क्वार्टरच्या अंगणात मशाली लावून मी भावाला गेममध्येच ओवाळायची. सासूबाई मायेने म्हणाल्या की भाऊ लांब असला की चंद्राला ओवाळतात, तू पण ओवाळ.

“चंद्र माझा भाऊ नाही,” मी म्हणाले आणि निरांजन घेऊन लॅपटॉपसमोर बसले. सासरे दोनदा दारापर्यंत येऊन, आला का, एवढंच विचारून गेले.

पडद्यावर ओळ उमटली, भाऊ आत आला होता. त्या माळावर माझ्यासमोर उभा, हातात काही नाही. मला आनंद व्हायला हवा होता. मी माइक चालू केला आणि त्याला फाडफाड बोलले. इतके दिवस कुठे तोंड लपवून बसला होतास, घर गेलं म्हणजे बहीणही गेली का, काही मोडलं की पळायचं एवढंच येतं का तुला. हॉलमध्ये सगळे ऐकत होते. ऐकू देत.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “अगदी आईसारखी रागावतेस.”

तो वाकून जमीन खोदायला लागला, आणि मोरीपासून सुरुवात करू म्हणाला, नळ डावीकडे.

“उजवीकडे,” मी रागातच म्हणाले आणि निरांजन पडद्यासमोर धरलं.