कॅमेरा नंबर सात

मी आकडेवारीतला माणूस. भूत, भानामती, चकवा असलं कुणी सांगायला लागलं की मी सरळ चहा मागवायचो. आजही विश्वास बसलाय असं म्हणत नाही... पण घडलं ते लिहितो. यात मी चांगला माणूस दिसणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

धुळ्याला लागून, लळिंगच्या बाजूच्या कुरणात आम्ही जंगली प्राण्यांची पाहणी करत होतो. शहराच्या इतक्या जवळ तरस, कोल्हे, साळिंदर किती उरलेत ते बघायचं. झाडांना बारा कॅमेरे बांधले होते. समोरून अंगात ऊब असलेलं काही गेलं की कॅमेरा आपोआप फोटो काढतो. बांधून झाला की एकाने त्याच्यासमोरून जनावरासारखं रांगत जायचं. लाल दिवा लुकलुकला म्हणजे कॅमेरा बरोबर बसला.

हे रांगणं मी नानांवर टाकलं होतं. नाना म्हणजे आमचे रोजंदारीवरचे मजूर, साठीला आलेले. "गुडघा दुखतस, भाऊ," म्हणायचे. मी म्हणायचो, "नाना, तरस लंगडल्यासारखंच चालतं. तुम्ही एकदम फिट!" सगळे हसायचे. दिवा लागला तरी गंमत म्हणून मी त्यांना पुन्हा रांगायला लावायचो.

त्यांना एकच हवं होतं. "मनं नाव रिपोर्टमा येई ना, भाऊ?" छापलेलं नाव दाखवलं की ठेकेदार त्यांना पुढच्या वर्षीही ठेवणार होता. "येईल, नाना," मी म्हटलं. मग त्यांचे रांगतानाचे सगळे फोटो डिलीट केले आणि रिपोर्टात 'स्थानिक मजूर' एवढंच लिहिलं. त्यांचं पूर्ण नाव विचारायचा कंटाळा आला होता — दुसरं काही कारण नाही.

मे महिन्यात छापील रिपोर्टची सगळी पानं बघून ते ऑफिसात आले. "भाऊ, बठ्ठा कागद दखात. मनं नाव कोठेच नही शे."

मी सगळ्यांसमोर म्हणालो, "नाना, यादी फक्त जनावरांची आहे. त्यात टाकू का?"

ते हात जोडून निघून गेले. काम सुटलं, आणि महिन्याभरात ते वारले. मी मातीलाही गेलो नाही.

त्यानंतर आम्ही सगळ्या कॅमेऱ्यांत कोरी कार्डं घातली. दिवाळीच्या सुमारास ती काढली, तर सात नंबरमध्ये भर दुपारचे नाना... रांगत येणारे. कॅमेऱ्यातलं घड्याळ तपासलं, बरोबर होतं. रोज एक फोटो, रोज थोडे जवळ. शेवटच्या फोटोत नुसता चेहरा. रागावलेला नव्हता. ऑफिसात विचारायला आले होते ना, तसाच होता.

मी घाबरलो आणि तेही डिलीट केले.

यंदाच्या थंडीत रांगायला कुणी नव्हतं म्हणून मीच रांगलो. दिवा लागला नाही. सोबतची सहकारी रांगली, लगेच लागला. पुन्हा मी — नाही. बाराही कॅमेऱ्यांसमोर रांगलो, गुडघे सोलून निघाले. डॉक्टर म्हणतात, अंगातली ऊब अगदी नॉर्मल आहे.

शेवटी नानांच्या घरी गेलो. त्यांच्या बायकोने, अक्कांनी, पूर्ण नाव सांगितलं. पाणी विचारलं नाही. नव्या रिपोर्टच्या पहिल्या पानावर ते नाव छापलं. हे सगळं काय आहे, मला आजही सांगता येत नाही.

काल ते पान खिशात घेऊन सात नंबरसमोर पुन्हा रांगलो.

दिवा लागला नाही.