एकटीची पाचवी रांग

पुंडलिक मास्तर आमच्या वाडीत आले ते बावन्न साली, भाताची मळणी चालू असताना. सुप्याच्या जंगलपट्ट्यात कुंभारवाडा गावाहून दिग्गीकडे जी पायवाट जाते, तिच्यावर दोन ओढे ओलांडले की आमची वाडी लागते. घरं एकवीस, आणि या घरातून त्या घराला हाक पोचणार नाही इतकी लांब लांब. मास्तर खानापूरकडचे. वय तेवीस, सातवी फायनल पास आणि वर एक वर्षाचं ट्रेनिंग. मागचे दोन मास्तर चार-चार महिन्यांत बदली करून घेऊन गेले होते, त्यामुळं हेही उन्हाळ्यापर्यंत टिकतील असंच सगळे धरून चालले होते. ते पंधरा वर्षं राहिले.

शाळा म्हणजे एक खोली. पहिली ते चौथी असे चार वर्ग चार रांगांत बसायचे आणि एकच मास्तर त्या चारी रांगांमधून फिरायचे. एका रांगेला शिकवताना बाकीच्या तीन रांगांनी पाटीवर दिलेलं लिहायचं. मी, नागू, दुसरीच्या रांगेत होतो तेव्हा चंद्रा पहिलीत आली. हे चोपन्न साल. सात वर्षांची, काटकुळी पोर. तिचा बाप येसाजी जंगलात लाकूडतोडीच्या कामावर जायचा, आणि आई फुला घरची शेती आणि म्हशी बघायची.

चंद्राची पाटी कायम कोरी. मास्तरांनी 'ग' गिरवायला सांगितलं की ती एकदा काढायची आणि पुसून टाकायची. मग शेजारच्या पोरांशी बोलायची, दुसऱ्याच्या पाटीवर लिहायची, आणि मास्तरांची पाठ फिरली की मागच्या दारानं ओढ्यावर. तिनं दोनदा छडी खाल्ली. तिसऱ्यांदा मास्तरांनी येसाजीला बोलावून घेतलं.

"पोरीचं लक्ष नाही. एक अक्षर धड लिहीत नाही," मास्तर म्हणाले.

येसाजी डोक्याचा रुमाल हातात घेऊन उभा होता. "मग म्हशींमागं लावतो, मास्तर. तिथं तरी कामाला येल."

"एवढा महिना बघू," मास्तर म्हणाले.

त्याच महिन्यात ती गोष्ट घडली. मास्तर चौथीला उदाहरण घालत होते. एक माणूस एक शेत आठ दिवसांत कापतो, दुसरा तेच शेत बारा दिवसांत कापतो, तर दोघं मिळून किती दिवसांत कापतील? चौथीत सहा पोरं. कुणी वीस म्हणालं, कुणी दहा. मास्तर फळ्याकडे वळले आणि पहिलीच्या रांगेतून आवाज आला, "चार दिवस, आन पाचव्या दिवशी ऊन कललं की संपंल."

मास्तर वळले. "कोण बोललं?"

मला राहवलं नाही. "गुरुजी, चंद्री."

मास्तर तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. आम्हाला वाटलं, आता छडी. ते म्हणाले, "कसं काढलंस?"

चंद्रा घाबरली होती, पण बोलली. "शेताचे चोवीस वाफे धरले. पयला रोज तीन कापतो, दुसरा दोन. मिळून पाच. चार दिवसांत वीस झाले. उरले चार, म्हंजे पाचवा दिवस पुरता लागणार न्हाई."

"चोवीसच का धरलेस?"

"आठानं बी जातात, बारानं बी जातात."

मास्तरांनी तिला पाढे विचारले. चौथीची पोरं रोज मोठ्यानं म्हणायची ते पंधरापर्यंतचे पाढे तिनं नुसते ऐकून पाठ केले होते. दुसरीचं पुस्तक पुढं ठेवलं, तेही वाचलं. माझ्याच पाटीवरून, माझ्याच खांद्यावरून बघत ती वाचायला शिकली होती. मला मात्र ते पुस्तक अडखळत वाचता येत होतं. मास्तर खुर्चीवर जाऊन बसले ते बराच वेळ उठलेच नाहीत. त्या दिवशी शाळा लवकर सुटली.

दुसऱ्या दिवसापासून चंद्रा गणिताला चौथीत, वाचनाला तिसरीत आणि अक्षर गिरवायला पहिलीत बसू लागली. घंटा नव्हतीच, मास्तर नुसती मान हलवायचे आणि ती पाटी उचलून रांग बदलायची. अंगठ्याएवढी पोर पुढं बसते म्हणून चौथीतली मोठी पोरं चिडायची. पण तिच्याकडून उत्तरं मिळतात हे कळल्यावर गप्प झाली.

इथवर सगळं चांगलं झालं. पुढं मास्तरांकडून जी चूक झाली ती त्यांनी स्वतःच पुढं कितीतरी जणांना सांगितली, म्हणून मीही सांगतो.

दीड वर्षात चंद्राला शाळेतलं सगळं येऊ लागलं. एकट्या मास्तरांना चार वर्ग आवरत नव्हते. त्यांनी पहिली-दुसरीच्या रांगा तिच्या हवाली केल्या. ती बाराखडी घ्यायची, पाढे म्हणवून घ्यायची, पाट्या तपासायची. शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांना आमच्याकडे दिपोटी म्हणत. ते आले आणि नऊ वर्षांची पोर वर्ग घेते हे बघून खूश झाले. "मास्तर, झकास सोय केलीत की!" म्हणाले. मास्तरांनाही ते पटलं. मधल्या काळात छप्पन्न साल आलं. मुंबई राज्य सुटलं, म्हैसूर राज्य लागलं, शाळेत कानडीचं पुस्तक आलं. चंद्रानं महिन्याभरात ती अक्षरं उचलली आणि आम्हाला तीही तीच शिकवू लागली. असं दोन वर्षं चाललं.

मग सत्तावन्न सालच्या पावसाळ्यानंतर ती शाळेत यायची बंद झाली. आठवडा गेला, दुसरा गेला. मास्तरांना वाटलं, ताप असेल. तिसऱ्या आठवड्यात रविवारी ते तिच्या घरी निघाले. वाटेत ओढ्याला पाणी होतं म्हणून मला सोबत नेलं.

चंद्रा घरामागं कणगं, म्हणजे रताळ्यासारखे कंद, खणत होती. मास्तरांना बघून तिनं हात पुसले, पण पुढं आली नाही. फुला घाईनं बाहेर आली. "मी रोज म्हंते जा म्हणून. ऐकत न्हाई. आता तुमीच इचारा, मास्तर."

मास्तर अंगणातल्या दगडावर बसले. "चंद्रा, बरं नव्हतं का?"

"बरी हाय."

"मग पहिलीची पोरं तुझी वाट बघतात. मी एकटा किती करू?"

ती खाली बघत म्हणाली, "गुरुजी, मी समद्यांना शिकवते. मला कोण शिकवतंय?"

फुलानं तिला दटावलं, "असं बोलत्यात व्हय गुरुजींना?" मास्तरांनी हातानं तिला थांबवलं. फुलानं आणलेलं ताक प्याले, आणि उठताना एवढंच म्हणाले, "पुढच्या सोमवारी ये. न्हाई आलीस तर मी समजंन की माझी चूक मोठी होती." मास्तर आमच्यासारखं बोलले असं ते पहिल्यांदाच.

त्या आठवड्यात त्यांनी दोन दिवसांची रजा काढली, कुंभारवाड्यापर्यंत चालत गेले, तिथून बसनं सुप्याला. सुप्याच्या मोठ्या शाळेतल्या एका शिक्षकांकडून पाचवी ते सातवीची पुस्तकं आणि बीजगणिताचं एक जुनं, मुखपृष्ठ गेलेलं पुस्तक घेऊन आले. सोमवारी चंद्रा आली तेव्हा खोलीत चार रांगांच्या पलीकडे, खिडकीजवळ, एक पोतं अंथरलेलं होतं. मास्तर म्हणाले, "ही पाचवी रांग. इथं तू एकटी. पोरांना शिकवायचं ते आठवड्यातून एक दिवस, आणि तेही तुला वाटलं तर."

"इथं काय करायचं?"

"जे मला बी अजून येत न्हाई ते."

ही थट्टा नव्हती. बीजगणित मास्तरांनी फायनलपुरतं कसंबसं केलं होतं. आता ते रोज सकाळी शाळेआधी ओसरीवर बसून तिच्या पुढचा एक धडा शिकायचे. वर्षभरात ती त्यांच्या बरोबरीला आली. एकदा एक उदाहरण अडलं. मास्तरांनी फळा तीनदा पुसला, मग खडू ठेवून सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाले, "हे मला येत नाही."

मास्तरांना न येणारं काही असतं हे आम्हाला ठाऊक नव्हतं. त्यांनी ते उदाहरण पोस्टकार्डावर लिहून खानापूरला आपल्या जुन्या शिक्षकांना पाठवलं. उत्तर यायला अकरा दिवस लागले. नवव्या दिवशी चंद्रानं ते सोडवलं होतं. पत्र आल्यावर दोघांनी दोन्ही रीती ताडून बघितल्या आणि चंद्राची रीत दोन ओळींनी लहान निघाली. त्या दिवशी मास्तरांनी सगळ्या शाळेला गूळ-खोबरं वाटलं.

पण एकटीसाठी एवढा वेळ काढायचा तर बाकीच्यांचं काय? मास्तरांनी त्यासाठी जुन्या कॅलेंडरांचे ताव कापून पत्ते केले. प्रत्येक पत्त्यावर एक काम, सोपं ते अवघड अशा क्रमानं. ज्याला जिथवर येतं तिथून पुढचा पत्ता त्यानं उचलायचा. मी नापास होत होत अजून चौथीतच होतो, भागाकार मला तिसरीपासून जमला नव्हता. ते लाजेनं कुणाला सांगितलं नव्हतं. मास्तरांनी मला काही न बोलता खालच्या ढिगातला पत्ता दिला. दोन महिन्यांत मला भागाकार आला. चंद्रासाठी जी वाट काढली तिच्यावरून मीही चाललो, हे मला फार उशिरा कळलं.

अठ्ठावन्न साली नवे दिपोटी आले. हे कडक होते. त्यांनी पाचव्या रांगेकडे बोट केलं. "ही कुठल्या वर्गात?"

"चौथी पास झालीय, साहेब. आता सातवीचं करते."

"या शाळेला चौथीपर्यंतच मंजुरी आहे. एकतीस मुलांचा वेळ तुम्ही एका मुलीला देता?"

मास्तर म्हणाले, "साहेब, आपण म्हणता ते बरोबर आहे. तेवढं एकतीस जणांना तपासून बघा. कमी पडले तर रांग आजच मोडतो."

दिपोटींनी दुपारपर्यंत तपासलं. माझी पाळी आली तेव्हा त्यांनी मुद्दाम भागाकार घातला, आणि तो मी केला. शेवटी त्यांनी चंद्राला बीजगणितातलं एक उदाहरण दिलं. तिनं ते तोंडी सोडवलं, तेव्हा त्यांनी स्वतःच कागद घेऊन पडताळा बघितला. शेऱ्याच्या वहीत त्यांनी चार वर्गांबद्दल समाधानकारक म्हणून लिहिलं, पाचव्या रांगेबद्दल काहीच लिहिलं नाही. निघताना म्हणाले, "मुलीला बाहेरून सातवीच्या परीक्षेला बसवता येतं. अर्ज वेळेत करा."

एकोणसाठ साली चंद्रा सुप्याला परीक्षेला बसली. गणितात तिच्यापुढं त्या केंद्रात कुणी नव्हतं. बाराव्या वर्षी ती सातवी झाली.

पुढच्या शिक्षणाला येसाजी तयार नव्हता. "पोरगी एकटी कुठं ऱ्हाणार? आन तिला शिकून करायचं काय? आमच्यात कोण शिकलंय?"

मास्तरांनी सांगितलं, खानापूरला त्यांची बहीण शांता असते, तिच्या घरी चंद्राची सोय होईल. येसाजी नकारार्थी मान हलवत राहिला. तेव्हा आजवर बाजूला उभी असलेली फुला पुढं आली. "मी शांताअक्काचं घर बघून येते. बाई बरी वाटली तर पोर जाईल." ती उभ्या आयुष्यात कुंभारवाड्याच्या पुढं गेली नव्हती. मास्तरांबरोबर ती खानापूरला गेली, दोन दिवस राहिली, शांताअक्काबरोबर भाकऱ्या थापल्या, आणि परत येऊन नवऱ्याला म्हणाली, "जाऊ दे तिला. बाई देवमाणूस हाय."

तिथलं पहिलं वर्ष सोपं गेलं नाही. सहामाहीला चंद्रा भूगोलात नापास झाली. आमच्या शाळेत नकाशाच नव्हता आणि गणिताच्या नादात मास्तरांनी भूगोल मागं टाकला होता. तिचं पत्र आलं तेव्हा मास्तर फार हळहळले. दिवाळीच्या सुट्टीत ती आली तेव्हा दोघं मिळून भूगोलाचं पुस्तक वाचत बसायचे. त्यानंतर शाळेत भिंतीवर जगाचा नकाशा लागला आणि पोरांबरोबर वाडीतल्या आम्हा सगळ्यांनाच जपान कुठं आहे ते कळलं.

त्रेसष्ट साली ती मॅट्रिक झाली, मग बेळगावला कॉलेजात गेली. सदुसष्ट साली गणित घेऊन बी.एस्सी. झाली. येसाजी त्या वर्षी वाडीत घरोघर फिरून सांगत होता, पण त्याला बी.एस्सी. म्हणता यायचं नाही. तो सांगायचा, "आमची चंद्रा गणिताची शेवटची पायरी चढली." फुला त्याला सुधारायची, "शेवटची न्हाई म्हंती ती. अजून हायत."

त्याच वर्षी मास्तरांची बदली कुळगीच्या बाजूला झाली. आम्ही बदली रद्द व्हावी म्हणून अर्ज केला, अंगठे उठवले, सह्या केल्या. काही झालं नाही. निघायच्या दिवशी येसाजीनं त्यांची ट्रंक उचलली आणि कुंभारवाड्यापर्यंत पोचवली. पत्त्यांचे ढीग मास्तरांनी नव्या मास्तरांसाठी शाळेतच ठेवले.

पंधरा-वीस दिवसांनी कुळगीकडचा एक माणूस बाजारात भेटला. तो कुरकुरत होता. "तुमच्याकडचे मास्तर आलेत. पंधरा दिवस झाले, शिकवत काहीच न्हाईत. नुसते एकेका पोराला जवळ बसवतात, हे येतं का, ते येतं का इचारतात, आन वहीत लिहितात."

मी त्याला म्हणालो, "अजून पंधरा दिवस थांबा."