टूल रूममधला रिकामा हुक

इंदूरजवळच्या लष्करी वर्कशॉपला पोस्टिंग आली तेव्हा घरचे खूश झाले. आमचं घर इंदूर शहरात, छत्रीबागेत, बसने तासाभराचा रस्ता. मी नायक, व्हेइकल मेकॅनिक. माझ्यासोबत लान्स नायक धनबीर. गढवालचा, कमी बोलणारा.

०६०० ला पीटी, ०८०० ला फॉल-इनची हजेरी, मग गाड्या. त्या मंगळवारी अँब्युलन्सच्या इंजिनाचा टायमिंग बेल्ट बदलायचा होता. १४०० ला एक जखमी जवान विमानतळावर उतरणार होता. दुसरी अँब्युलन्स फायरिंग रेंजवर गेलेली.

बेल्टसाठी आधी क्रँकशाफ्टच्या पुलीचा बोल्ट काढावा लागतो. पण बोल्टला जोर दिला की क्रँकही सोबत फिरतो. म्हणून पुलीच्या भोकांत पिना अडकवून तिला धरून ठेवणारं एक लांब दांड्याचं टूल असतं, पुली होल्डर. ०९१५ ला मी टूल रूममध्ये गेलो. हुक रिकामा. रजिस्टरमध्ये नोंद नाही.

मी जाऊन हवालदार मेजरांना सांगितलं. ते साताऱ्याचे. माझ्याकडे बघत राहिले.

"पलासियात तुझ्या भावाचं गॅरेज आहे ना?"

"आहे, साहेब. पण टूल मी नेलं नाही."

"मग कुणी?"

"काल चावी धनबीरकडे होती. संध्याकाळी तो पोत्यात काहीतरी गुंडाळून नेत होता."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. सांगितल्या मात्र स्वतःला वाचवायला. त्यांनी जबाब लिहायला लावला. मी लिहून सही केली.

१०४० ला धनबीर वेल्डिंग शॉपमधून आला. हातात पुली होल्डर.

"एक पिन घिस गई थी, उस्ताद. फिसलती तो आपका हाथ जाता. नई बना दी."

शॉपच्या सुभेदार साहेबांना त्याने विचारलं होतं. फक्त नोंद राहिली होती.

त्याने होल्डर धरला. मी पान्याला पाइप लावून जोर दिला. दोनदा बोल्ट हलला नाही. तिसऱ्यांदा कडकन आवाज आला आणि सुटला. १३२० ला अँब्युलन्स गेटबाहेर पडली.

संध्याकाळी हवालदार मेजरांनी माझा जबाब त्याच्या हातात दिला. धनबीरने तो वाचला, घडी घालून परत केला.

"पूछ लेते, उस्ताद," एवढंच म्हणाला.

पुढच्या वर्षी आम्ही दोघंही डोंगरातल्या पोस्टिंगवर होतो. दरडीत अडकलेला ट्रक काढताना वरून पुन्हा दगड सुटले. धनबीरने ड्रायव्हरला खेचून बाहेर ढकललं. स्वतः निघू शकला नाही.

त्याच्या गावी मी गेलो. वडिलांना सगळं सांगितलं, माझ्या जबाबाचंही.

"घर में भी ऐसा ही था," ते म्हणाले. "काम कर देता था, बताता नहीं था."

मग आत जाऊन त्यांनी मला त्याचा फोटो आणून दाखवला. वर्दीतला. हसत होता.